पेरेंट आयडीचा कॉलम टाकला, पुढे काय?

नवा स्कीमा, म्हणजे डेटाबेसच्या टेबलांचा आराखडा, माझ्याकडे तपासायला आला की मी आधी स्वतःलाच जोडलेलं टेबल शोधते. वर्ग-उपवर्ग, कर्मचारी आणि त्याचा वरिष्ठ, फोल्डरमधला फोल्डर. असं एखादं टेबल निघतंच, आणि बहुतेक वेळा त्यात पेरेंट आयडीचा कॉलम (प्रत्येक नोंदीत तिच्या पालक-नोंदीचा क्रमांक) आणि फॉरेन की (तो पालक टेबलात खरोखर आहे ना, हे बघणारी अट) टाकून माणूस मोकळा झालेला असतो.

कॉलम योग्यच आहे. दुसरी पद्धत नेस्टेड सेटची: त्यात प्रत्येक नोंदीला डावा आणि उजवा असे दोन आकडे देतात आणि वंशजांचे आकडे त्या दोघांच्या मध्ये येतात. या आकड्यांवरून सगळे वंशज एका झटक्यात मिळतात खरे, पण मध्ये एक नोंद घुसवली की तिच्या पुढचे सगळे आकडे सरकवावे लागतात. सतत बदलणाऱ्या टेबलाला हे परवडत नाही. शिवाय त्याची निकड आता उरलेली नाही. रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे स्वतःचंच उत्तर पुन्हा वापरत पातळी-पातळीने झाड चालणारी क्वेरी, एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात आली, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २००९ साली ८.४ सोबत, आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली ८.० सोबत.

माझं भांडण असतं ते चक्राबद्दल. 'अ'चा पालक 'ब' आणि 'ब'चा पालक 'अ' असं कुणी करून ठेवलं, तर फॉरेन की हूं की चूं करत नाही, कारण दोन्ही नोंदी टेबलात आहेत. चेक कंस्ट्रेंट, म्हणजे एकेका ओळीपुरती तपासली जाणारी अट, फार तर स्वतःच स्वतःचा पालक होऊ देणार नाही. रिकर्सिव्ह क्वेरी मात्र इथे अडकते. ती प्रत्येक फेरीत फक्त मागच्या फेरीत सापडलेल्यांची मुलं शोधते आणि एखादी फेरी रिकामी गेली की थांबते. चक्रात फेरी रिकामी जातच नाही. फेऱ्यांची उत्तरं जोडताना 'युनियन ऑल'ऐवजी 'युनियन' लिहिलं तर पुन्हा आलेल्या ओळी गळतात आणि क्वेरी थांबते, पण सोबत पातळीचा आकडा मोजत असाल तर प्रत्येक ओळ वेगळीच ठरते आणि तो उपाय गेला. मायएसक्यूएल हजार फेऱ्यांनंतर एरर देतं. पोस्टग्रेसमध्ये १४ व्या आवृत्तीपासून चक्र ओळखणारं 'सायकल' हे कलम आहे. पण हे सगळं वाचतानाचं संरक्षण झालं. चक्र लिहितानाच अडवायला हवं: पालक बदलण्याआधी ट्रिगरमधून (बदल होताना डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) नव्या पालकापासून मुळापर्यंत वर चढायचं आणि वाटेत हीच नोंद भेटली तर नकार द्यायचा. तेवढ्यानेही भागत नाही. दोन ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदलांचे गट) एकाच वेळी चालू असतील, एक 'अ'ला 'ब'खाली नेतंय आणि दुसरं 'ब'ला 'अ'खाली, तर दोघांनाही एकमेकांचा बदल दिसत नाही आणि दोघंही पास होतात. पालक बदलण्याचं काम तसं क्वचितच होतं, म्हणून मी त्यासाठी सरळ एकच लॉक ठेवते, म्हणजे एका वेळी एकालाच ते करता येतं. आधी लॉक, मग वर चढणं.

मुळाच्या नोंदीला पालक नल (म्हणजे किंमतच नाही), हे मला मान्य आहे. फक्त मूल नसलेल्या नोंदी शोधताना 'नॉट इन' वापरू नका. आतल्या क्वेरीत, म्हणजे पालकांच्या यादीत, एक नल आला की अट कुठल्याच ओळीसाठी खरी ठरत नाही आणि उत्तर रिकामं येतं, तेही एररशिवाय. 'नॉट एक्झिस्ट्स' लिहा.

इंडेक्सचंही, म्हणजे ओळी पटकन शोधून देणाऱ्या सूचीचंही, तसंच. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन, फॉरेन कीसाठी इंडेक्स आपणहून बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही. मग मुलं शोधताना तर अख्खं टेबल चाळलं जातंच, पण साधी एक नोंद डिलीट करतानाही, तिला मुलं आहेत का हे बघायला, पुन्हा तेच. डिलीटला कॅस्केड (पालकासोबत मुलंही आपोआप डिलीट होणं) लावायला माझा विरोध आहे. मुळाची एक ओळ उडवली की खालचं सगळं झाड जातं. एसक्यूएल सर्व्हर तर स्वतःलाच जोडलेल्या टेबलावर कॅस्केड लावूच देत नाही.

आणि एवढं सगळं करण्याआधी हे खरंच झाड आहे ना, ते विचारा. यंत्राच्या सुट्या भागांच्या यादीत एकच स्क्रू दोन जुळण्यांमध्ये बसतो, एकीत चार, दुसरीत सहा. तिथे पेरेंट आयडी चालत नाही. जोडणीचं वेगळं टेबल करा, पालक आणि मूल असे दोन कॉलम ठेवा. नगांची संख्याही त्याच ओळीत जाते.