तुम्ही विचारलंत म्हणून: शनिवार-रविवारी मी कुठे असायचे

फिनलंडमधल्या तुर्कूला जहाजांच्या डिझाइनची इंटर्नशिप करून परत आल्यापासून एक प्रश्न ठरलेला आहे. "फोटो तर सगळे बोटीतले आणि बेटांवरचे. काम कधी केलंस?" काकू-मावश्या हसत विचारतात. कॉलेजमधली ज्युनिअर मुलं जरा चाचरत विचारतात, कारण त्यांनाही इंटर्नशिपला जायचं असतं. म्हणून एकदा नीट सांगते. काम मी सोमवार ते शुक्रवार मन लावून केलं. पण ते कशासाठी करायचं, हे मला शनिवार-रविवारी कळलं.

तुर्कू हे आउरा नदीच्या मुखाशी वसलेलं जुनं शहर. ३६५ मीटर लांबीचं 'आयकॉन ऑफ द सीज' हे अवाढव्य क्रूझ जहाज इथल्याच यार्डात बांधलं गेलं. मी मात्र यार्डात नव्हते, एका लहानशा डिझाइन ऑफिसात होते. तिथे रो-पॅक्सचं काम चाले. रो-पॅक्स म्हणजे माणसं आणि गाड्या दोन्ही नेणारी फेरी, आपल्या भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोच्या जातीची, फक्त कितीतरी मोठी. 'नापा' या सॉफ्टवेअरवर जहाजाच्या स्थिरतेचे हिशेब व्हायचे. ते फिनलंडचंच, आता जगभर वापरलं जातं.

माझ्या वाट्याचं काम ऐकायला रूक्ष आहे. ड्रॉइंगमधून प्रत्येक दार, हॅच (डेकवरचं झाकणाचं तोंड), व्हेंटिलेटर, हवेचा पाइप शोधायचा आणि तो कीलपासून, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्यापासून, किती उंच, मध्यरेषेपासून किती दूर हे तक्त्यात भरायचं. याला ओपनिंग्जची यादी म्हणतात. जहाज कललं की त्याला पुन्हा सरळ करणारा जोर कोणत्या कोनाला किती, याचा एक आलेख निघतो, जीझेड कर्व्ह. ज्या कोनाला एखाद्या उघड्या तोंडातून पाणी आत शिरेल, तिथे तो आलेख कापायचा. पुढे तो कितीही भरदार दिसला तरी तो भाग जमेला धरायचा नाही.

प्रवासी एका बाजूला गोळा झाले तर काय, हाही एक हिशेब असतो. माणशी किमान ७५ किलो धरायचे, दर चौरस मीटरला चार माणसं उभी करायची, आणि जहाज १० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. मी अलिबागकडची. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा डोळ्यांसमोर 'रामदास' आली. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली बोट वादळी लाटेने कलली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांकडून ही गोष्ट ऐकतच आम्ही वाढलो. ती आमच्या तक्त्यातल्या एका ओळीत बसलेली पाहून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

आता फिरण्याचं. राउमाचं लाकडी घरांचं जुनं गाव, हेलसिंकीजवळचा सुओमेनलिन्नाचा किल्ला, मारियहाम्नला उभं असलेलं 'पोमेर्न' हे चार डोलकाठ्यांचं जहाज, हे सगळं पाहिलं, आवडलंही. नाउवो बेटावर जाणारी पिवळी फेरी तर फुकट आहे, कारण तिथे ती रस्त्याचाच भाग मानली जाते. पण मला सांगायचंय ते स्टॉकहोमबद्दल.

तुर्कूहून स्टॉकहोमला बोटीने साधारण दहा-अकरा तास लागतात. वाटेत ती ओलांद बेटांना टेकतेच, रात्रीचे तीन वाजले असले तरी. हा द्वीपसमूह युरोपीय संघाच्या करव्यवस्थेबाहेर असल्यामुळे तिथे थांबलं की बोटीवर करमुक्त विक्री करता येते. (जहाजाचा मार्ग कधी कधी दुकान ठरवतं, हे मला कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.)

स्टॉकहोमच्या युरगोर्देन बेटावर 'वासा' आहे. १० ऑगस्ट १६२८ ला हे युद्धनौकेचं धूड पहिल्याच सफरीवर निघालं, जेमतेम १३०० मीटर गेलं आणि वाऱ्याच्या झोताने कलून बुडालं. १९६१ मध्ये ते वर काढलं. बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यात लाकूड पोखरणारा किडा तग धरत नाही, म्हणून ते जवळजवळ अखंड मिळालं. वरच्या भागात वजन फार झालं होतं. बुडण्याआधी धक्क्यावर तीस माणसांना डेकवर या बाजूहून त्या बाजूला धावायला लावून चाचणीही घेतली होती. जहाज इतकं झुलू लागलं की चाचणी थांबवली, तरीही ते निघालं. आज आम्ही इन्क्लायनिंग एक्सपेरिमेंट करतो तेव्हा मोजलेलं वजन सरकवून कल मोजतो. मूळ कल्पना तीच. फरक इतकाच, की आकडा वाईट आला तर आता जहाजाला निघू देत नाहीत.

पण मी खिळले ती तोफांच्या झरोक्यांपाशी. जहाज कललं तेव्हा खालच्या रांगेतले झरोके उघडे होते आणि पाणी तिथूनच आत घुसलं. आठवडाभर मी ज्याची यादी करत होते, ते माझ्यासमोर रांगेने उभं होतं.

संग्रहालयाच्या शेजारीच 'एस्टोनिया'चं स्मारक आहे, ग्रॅनाइटच्या भिंती आणि त्यांवर कोरलेली नावं. २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री ही फेरी टॅलिनहून स्टॉकहोमला येत होती. पुढचं दार, म्हणजे बो व्हायझर, लाटांच्या माऱ्याने तुटून पडलं, गाड्यांच्या डेकवर पाणी आलं आणि ८५२ माणसं गेली. हीच बोट त्याआधी 'वायकिंग सॅली' नावाने तुर्कू-स्टॉकहोम मार्गावर धावत असे, म्हणजे मी आदल्या रात्री आले त्याच पाण्यातून.

गाड्यांचं डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं असतं, मध्ये भिंती नसतात. त्यावरचं पाणी परातीतल्या पाण्यासारखं कललेल्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. सोमवारी मी ऑफिसातल्या वरिष्ठाला विचारलं, की आपण अपघाताच्या हिशेबात त्या डेकवर ५० सेंटिमीटरपर्यंत पाणी का धरतो? एरवी मोजकंच बोलणारा तो माणूस खुर्ची ओढून बसला. हा नियम ज्यातून आला तो, एस्टोनियानंतर १९९६ मध्ये उत्तर युरोपातल्या देशांनी केलेला स्टॉकहोम करार त्याने मला ओळीओळीने समजावला. त्या दुपारी आम्ही दुसरं काही केलं नाही. पुढे प्रत्येक दाराचा आकडा मी दोनदा तपासला, आणि ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

तेव्हा ज्युनिअर मंडळी, जाणार असाल तर पहिल्याच आठवड्यात स्टॉकहोमला पळू नका. आधी एक जीझेड कर्व्ह हाताने काढा, ओपनिंग्जची एक यादी पूर्ण करा, मग तिकीट काढा. जाताना दिवसाची बोट घ्या, बेटांमधली ती चिंचोळी वाट उजेडातच पाहायला हवी. येताना रात्रीची चालेल. 'वासा'ला किमान अर्धा दिवस ठेवा, आणि बाहेर आल्यावर शेजारचं स्मारक चुकवू नका.