रिकाम्या खड्ड्यात कुठलं कलम?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं आणि रत्नागिरीजवळच्या पावस गावालगतच्या आमच्या घरामागचं हापूसचं जुनं कलम मुळासकट आडवं झालं. आजोबांनी लावलेलं. तेव्हापासून तिथे खड्डा आणि त्यात माजलेलं रान, एवढंच होतं. गेल्या वर्षी काकांनी मनावर घेतलं की पावसाळ्यात तिथे नवं कलम लावायचं. कुठलं, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. "आधी आंबे काढा, खा, मग बोला," असं त्यांनी फोनवर बजावलं, म्हणून मे महिन्यात मी, नवरा आणि दोन्ही मुलं पुण्याहून चार दिवस गावी गेलो.

काढणी सकाळीच, उन्हं चढायच्या आत. आमच्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे. देठाला त्याचं पातं लागलं की आंबा देठासकट जाळीत येतो. मुलीला मात्र खालच्या फांदीवरचा आंबा हातानेच काढायचा होता. तिने तो ओढला, देठ मुळापाशी तुटला आणि पाण्यासारखा पातळ चीक सालीवरून सरळ खाली ओघळला. काकांनी तिच्या हातातून आंबा घेऊन उलटा धरला, उरलेला चीक निथळू दिला आणि तो वेगळा ठेवला. "बाय, देठ बोटाच्या पेराएवढा तरी ठेवायचा. उद्या बघ याला काय होतं ते." दुसऱ्या दिवशी चिकाच्या वाटेने सालीवर काळा ओघळ उमटला होता. पुढचे तीन दिवस तिने एकही आंबा ओढला नाही.

तयार आंबा ओळखायला मलाही वेळ लागला. देठाजवळचे खांदे भरून वर आलेले हवेत, देठाशी किंचित खळगा हवा, गडद हिरवा रंग जरा उतरलेला हवा. त्याला आमच्याकडे चौदा आणे आंबा म्हणतात. शंका आली की काकू बादलीत टाकून बघते. तळाला गेला तर तयार, तरंगला तर कोवळा.

झाडावरच पिकू द्यावा असं मुलाला वाटत होतं. हापूसच्या बाबतीत तिथेच घात होतो. काकूने झाडावर जास्त दिवस राहिलेला एक आंबा मुद्दाम कापून दाखवला. वरून केशरी, डाग नाही, वास घमघमलेला. आत कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. हा साका. बाहेरून कळायला काही मार्ग नाही. म्हणूनच आंबा वेळेत उतरवायचा आणि तापलेल्या जमिनीवर ठेवायचा नाही. एकदा आम्ही भरलेले क्रेट दुपारभर कातळावर विसरलो होतो. त्या वर्षी नातेवाइकांना पाठवलेल्या पेट्यांतले कितीतरी आंबे आतून असे निघाले. मला त्याची अजून लाज वाटते.

आमचे ताजे आंबे पिकायला आठ-दहा दिवस लागणार होते, पण माळ्यावर काकूची आधीच्या काढणीची अढी, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेले आंबे, होती. तिने पेंढा बाजूला केला आणि खोली वासाने भरली. संध्याकाळी ओसरीवर चार ताटल्या मांडल्या. आमचा हापूस, शेजारची पायरी, मामाच्या बागेतला रत्ना आणि वईवरचा, म्हणजे कुंपणातला, रायवळ (कोयीपासून उगवलेला गावठी आंबा).

नवऱ्याला आणि मुलाला हापूसच हवा होता. माझं मत पायरीला. आमरसाला तिच्यासारखा आंबा नाही, फक्त ती टिकत नाही. रायवळ चोखून खायचा, रायत्याला आणि साठांना (वाळवलेल्या रसाच्या पोळ्यांना) वापरायचा. तो आपला आपणच रुजतो, त्याला कोण खड्डा देणार!

रत्नाकडे माझं फारसं लक्ष नव्हतं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात तो तयार झाला. फळ हापूसपेक्षा मोठं, गर घट्ट, रेषा नाही. वास हापूसचा नाही, हे मी स्पष्ट बोलले. काका म्हणाले, "खरं आहे. पण त्याला साका होत नाही आणि तो हापूससारखा वर्षाआड रुसत नाही." मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझं मत फिरलं. हापूसच्या मोहोरावर हापूसचाच पराग नीट धरत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचा मोहोर असला तर फळधारणा सुधारते. आमच्या आवारात उरलेली पाचही कलमं हापूसची. पडलेल्या जागी सहावा हापूस लावून त्यांना काहीच मिळालं नसतं.

रत्ना ठरला. मुलगा थोडा हिरमुसला.

खड्डा साफ करून काकांनी शेणखत आणि चांगली माती भरली. पाऊस स्थिरावल्यावर सरकारमान्य रोपवाटिकेतून कलम आणलं. रायवळाच्या रोपावर रत्नाची काडी जिथे बांधलेली असते तो जोड मातीच्या वर राहील असं लावलं, काठीला सैल बांधलं. पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तरी खुडायचा आहे.

गणपतीला गेलो तेव्हा शेंड्याला तांबूस पालवी आली होती. जोडाच्या खालूनही एक फुटवा जोरात वर आला होता. तो खालच्या रायवळाचा, ठेवला तर कलमाला मारून टाकील. काकांना दाखवून मुलीने तो नखाने खुडला आणि बोटावरचा चीक लगेच पुसला.