नक्कलच करायची तर भंगार कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी येणारा प्रत्येक जण भिंतीवरचा माझा भंगारातला ‘स्टारी नाइट’, म्हणजे चित्रकार व्हॅन गॉगच्या ताऱ्यांनी भरलेल्या रात्रीच्या चित्राची नक्कल, आधी बोटाने टोचून बघतो आणि मग हेच विचारतो: नक्कलच करायची तर छापील चित्र आणून लावायचं, हा उपद्व्याप कशाला?

छापील होतं की! पण त्यात आभाळ सपाट. व्हॅन गॉगने जून 1889मध्ये, सें-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना ते रंगवलं, तेव्हा रंग एवढा जाड लावला की ब्रशचे फटकारे कॅनव्हासवर उभे राहिले. छपाईत नेमकी तीच उंची मरते.

माझं आयुष्य नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर गेलं. लेथखाली पडतो तो धातूचा कीस, आम्ही चिप्स म्हणतो. बीड (ओतीव लोखंड) कातलं की चुरा पडतो, पितळेचे दाणे उडतात, माइल्ड स्टीलची मात्र लांब गुंडाळी निघते. कूलंट (कातताना थंडावा देणारं तेलकट पाणी) न सोडता कार्बाइड टूलने वेगात कातलं, की ती तापते आणि तीनशे अंशांच्या आसपास निळी पडते. मोरपिशी, जांभळी, गर्द निळी. हा निळा मी वर्षानुवर्षं फावड्याने ड्रममध्ये भरला आणि किलोवर विकला जाताना पाहिला.

तर प्लायवुडवर आभाळ त्याच गुंडाळ्यांचं. अकरा तारे पितळी वॉशरचे, सायप्रसचं उंच झाड जुन्या फॅनबेल्टच्या पट्ट्यांचं. चिप ब्लेडसारखी कापते, त्यामुळे हातमोजे आणि नोज प्लायर. पहिल्या खेपेला चंदेरी चिप्स न धुताच चिकटवल्या. त्यांच्यावर कूलंटचा ओशटपणा होता. रात्री टपटप आवाज, सकाळी अर्धं आभाळ फरशीवर. बायको काही बोलली नाही, केरसुणी पुढे केली. आता सोड्याच्या गरम पाण्यात उकळून, वाळवून मगच एपॉक्सी गोंद, वरून लॅकरचा हात. तरी नाशिकचा श्रावण एखादा कोपरा गंजवतोच. गावातल्या घरांवर तो गंज मी तसाच राहू दिलाय. शोभतो.

आणि दिवा बाजूने लावा. समोरून ट्यूब मारली की सगळं मुकं होतं.

परवा शेजारचा मुलगा आला होता, सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर आहे. चित्राचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. चंद्राच्या डावीकडची एक गुंडाळी जवळून न्याहाळत म्हणाला, “काका, इथे टूल बोथट झालं होतं ना?”

झालं होतं.