पाग ओवण्याआधी शिसे निवडताना

कोकणात वाशिष्ठीच्या खाडीकाठी उथळ पाण्यात टाकायचे जे गोल जाळे वापरतात, त्याला आमच्याकडे पाग म्हणतात, आणि त्या जाळ्याचा सगळा जीव त्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या मण्यांत असतो. अडीच मीटर त्रिज्येच्या जाळ्याचा घेर पावणेसोळा मीटरच्या आसपास भरतो. दर अडीच सेंटीमीटरला एक मणी धरला तर सव्वासहाशे मणी लागतात. माझ्या साच्यातून निघणारा मणी आठ मिलिमीटर जाड, बारा मिलिमीटर लांब आणि मधोमध तीन मिलिमीटरचे भोक असलेला असतो. तो शुद्ध शिशाचा असेल तर त्याचे वजन ६ ग्रॅमच्या जवळपास येते. तोच मणी जस्ताचा निघाला तर पावणेचार ग्रॅमही भरत नाही, जाळ्याची कड तळाला जायला उशीर करते आणि तेवढ्या अवधीत बोईट मासे खालून निसटून जातात.

हे मणी मी घरी ओततो. त्यासाठी लागणारे शिसे भंगारातून आणतो, आणि भंगारातले शिसे निवडण्याचे काम ओतण्याच्या कामापेक्षा कितीतरी मोठे आहे, हे समजायला मला अडीच किलो धातू वाया घालवावा लागला.

झाले असे, की टायर दुरुस्तीच्या एका दुकानातून मी चाकांच्या बॅलन्सिंगची काढून टाकलेली वजने डबाभर आणली होती. ‘दादा, हे सगळं शिसंच आहे,’ असे देणाऱ्याने सांगितले आणि मीही ते मानले, कारण डबा उचलताना हाताला चांगला जड लागत होता. कढईत सगळे एकदमच टाकले आणि वितळायला वेळ लागतो आहे असे वाटून आच वाढवली. थोड्या वेळाने वर आरशासारखा पातळ थर दिसायला हवा होता, त्याऐवजी गुठळ्या झालेल्या पिठल्यासारखे काहीतरी दिसू लागले. पळीने ढवळले तरी ते सैल होईना. साच्यात ओतले तर मण्यांच्या कडा भरेनात आणि अर्धे मणी सुरकुतलेले निघाले. शिशात जस्त शिरले होते.

युरोपीय संघाने २००५ पासून नव्या गाड्यांच्या चाकांवर शिशाची वजने वापरण्यास बंदी घातली आणि त्यानंतर जस्ताची व लोखंडाची वजने बाजारात अधिकाधिक येऊ लागली. आपल्याकडच्या दुकानांच्या डब्यांत आता तिन्ही प्रकार एकत्र पडलेले असतात. काहींवर धातूची रोमन अक्षरे उठवलेली असतात, म्हणजे शिशासाठी ‘पीबी’, जस्तासाठी ‘झेडएन’ आणि लोखंडासाठी ‘एफई’. ती दिसली तर प्रश्नच मिटतो. पुष्कळ तुकड्यांवर मात्र अक्षर नसते, किंवा रंगाच्या आणि ग्रीसच्या थराखाली ते दडलेले असते.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, जस्त जवळजवळ ४२० अंशांना. या दोन आकड्यांमधल्या अंतरामुळे बऱ्याच जणांना वाटते, की तापमापक लावून कढई ३६० अंशांच्या आसपास ठेवली, की जस्ताचे तुकडे वजनांच्या लोखंडी क्लिपांबरोबर आपोआप वर तरंगतील आणि झाऱ्याने काढून टाकता येतील. ते तरंगतात हे खरे, कारण जस्ताची घनता दर घन सेंटीमीटरला ७.१ ग्रॅम आणि शिशाची ११.३ ग्रॅम आहे. पण जस्त स्वतः वितळले नाही, तरी वितळलेल्या शिशात ते थोडे थोडे विरघळत राहते, म्हणून तुकडा जितका वेळ कढईत राहील तितके नुकसान वाढत जाते. तापमापकाचा उपयोग नजरेतून सुटलेला एखादा तुकडा सापडण्यापुरताच धरावा; खरी निवड धातू थंड असतानाच, अंगणात पोत्यावर बसून व्हायला हवी.

गंमत अशी, की शिशाच्या कारखान्यांत वितळलेल्या शिशात मुद्दाम जस्त घालतात. अलेक्झांडर पार्क्स यांनी १८५०च्या सुमारास पेटंट घेतलेल्या पद्धतीत शिशातली चांदी जस्तात ओढली जाते आणि तो थर वर येऊन निराळा काढता येतो. मागे राहिलेले जस्त पुढे निर्वात भांड्यात ऊर्ध्वपातनाने, म्हणजे त्याची वाफ करून, काढून घेतात. घरच्या शेगडीवर तो मार्ग नाही.

निवडताना मी पहिल्यांदा चुंबक फिरवतो. जे चिकटेल ते लोखंड, असे म्हणण्याची घाई मात्र करू नये, कारण शिशाच्या वजनाला लोखंडी क्लिप असते आणि चुंबक तिच्यामुळेच चिकटतो. म्हणून तो तुकड्याच्या अंगाला लावून पाहावा, क्लिपेला नव्हे. मग पक्कड. पकडीच्या धारेने कोपरा दाबला, तर शिशात धार लोण्यात सुरी जावी तशी शिरते आणि आत चकचकीत निळसर पृष्ठभाग दिसतो, जो काही दिवसांत हवेने काळवंडतो. जस्तावर फक्त ओरखडा उठतो. नखाचीही परीक्षा आहे: शिशावर नख उमटते, जस्तावर उमटत नाही. फरशीवर टाकल्यावर शिसे ‘थप्प’ असा मेलेला आवाज करते आणि जस्त खणकते. कान एकदा तयार झाला, की डबाभर माल यानेच निम्मा निवडून होतो.

तरीही शंका उरली, तर मी खरवडून स्वच्छ केलेल्या जागेवर संडास साफ करण्याच्या ॲसिडचा एक थेंब टाकतो, आणि हे उघड्यावर, हातमोजे घालूनच करतो. जस्तावर लगेच बुडबुडे येतात. शिसे तसेच स्वस्थ बसते. लोखंडही कमीअधिक फसफसते, त्यामुळे चुंबकाची पायरी आधी आटोपलेली असावी.

ॲसिडने उलगडा होत नाही तो कथलाचा. कथील शिशाइतकेच मऊ आहे, पक्कड आणि नख त्यालाही तशीच लागतात, आणि थेंबभर ॲसिडने तेही विशेष खळबळ करीत नाही. आयुर्वेदात नाग म्हणजे शिसे आणि वंग म्हणजे कथील या दोघांना एकाच गटात घालून पूतिलोह, म्हणजे दुर्गंधी धातू, म्हटले आहे, ते या साम्याकडे पाहिले तर पटते. शुद्ध कथलाची कांडी वाकवताना करकर आवाज येतो, शिशाची मुकाट्याने वाकते. पक्का निकाल हवा असेल, तर सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा घ्यावा. तुकड्याचे वजन करावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करावा आणि दोऱ्याला बांधलेला तुकडा तळाला व कडेला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवून धरावा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके घन सेंटीमीटर त्या तुकड्याचे आकारमान. ११३ ग्रॅमच्या तुकड्याला काटा १० दाखवत असेल तर ते शिसे. जस्त किंवा कथील असेल तर आकडा १५च्या पुढे जाईल.

शिसे म्हणून जे उरते, तेही सारखे नसते. जुन्या टेलिफोन केबलीवरचे आवरण मऊ असते आणि मण्यांना उत्तम. चाकांच्या वजनांत थोडे अँटिमनी (शिशाला कडक करणारे मूलद्रव्य) असते, त्यामुळे मणी कडक होतो, पण चालतो. छापखान्यांचे जुने खिळे, म्हणजे अक्षरांचे ओतीव ठसे, मात्र मी कढईत टाकत नाही. त्यांत अँटिमनी आणि कथील भरपूर असल्याने अक्षराच्या कडा धारदार येतात, पण तोच धातू ठिसूळ असतो आणि खडकावर आपटून फुटतो. शिवाय ज्या मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे ओतले गेले, तिच्या शेजारच्या कोकणात राहणाऱ्याने ‘क्ष’ वितळवून बोईट पकडावेत, हे मला बरे वाटत नाही. भंगारवाल्याकडे मिळालेली पाव किलो अक्षरे माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

गाडीच्या बॅटरीतले शिसे मी अजिबात घेत नाही. त्यात गंधकाम्ल असते, आर्सेनिक आणि अँटिमनीसारखे धातू असू शकतात, आणि जस्त किंवा ॲल्युमिनियमसह वितळवलेल्या अशा धातूची मळी पुढे ओलसर झाली, तर आर्सिनसारखा अतिविषारी वायू सुटू शकतो. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत जावी. २०२२च्या नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

निवडलेला माल धुतला असेल तर तो दोन दिवस कडक उन्हात वाळवतो, कारण वितळलेल्या शिशाखाली अडकलेला पाण्याचा एक थेंब वाफ होताना हजारपटीहून अधिक फुगतो आणि कढई अंगावर उडवतो. ओततानाच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. धोका वर जमणाऱ्या करड्या मळीच्या धुळीचा अधिक असतो. ती बंद डब्यात जाते, कढई-पळी पुन्हा स्वयंपाकघरात येत नाही, कपडे वेगळे धुतले जातात, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय मी पाणीही पीत नाही. घरात लहान मूल असेल त्या दिवशी काम बंद.

माझ्याकडे आता तीन डबे आहेत: शिसे, जस्त आणि ‘पाहायचे’. पहिल्या वेळच्या फसलेल्या कढईतला अडीच किलोचा गोळा कुठल्याच डब्यात बसत नव्हता. त्याच्यावर तैलरंगाने ‘वितळवू नये’ असे लिहून पडवीच्या दाराला अडसर म्हणून ठेवला आहे, आणि पावसाळ्यातल्या वाऱ्यातही दार आपटत नाही.