बुलेट ट्रेनमधला राज्याचा वाटा: एका माहिती अर्जाचे चार महिने

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी महाराष्ट्राच्या तिजोरीतून आजवर किती पैसे गेले, एवढंच मला विचारायचं होतं. मार्ग ५०८ किमीचा, त्यातले आपल्याकडे सुमारे १५६. बारा स्थानकांपैकी आपली चार: बीकेसी, ठाणे, विरार, बोईसर. तरी प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीच्या भागभांडवलात गुजरातइतकेच ५,००० कोटी आपले. केंद्राचे १०,००० कोटी, बाकी मूळ आराखड्यानुसार मुख्यतः जपानचं कर्ज. मी पालघरचा. गर्दीमुळे लोकल सोडून द्यावी लागते तेव्हा दर वेळी हा आकडा डोक्यात येतो.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. पुढे तो नुसता फिरत राहिला.

पहिल्या विभागाने कलम ६(३), म्हणजे माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज तिकडे पाठवण्याचं कलम, दाखवून तो दुसऱ्याकडे पाठवला. कायद्यात त्याला ५ दिवस आहेत, यांनी अठरा घेतले. दुसऱ्याने ‘विषय आमचा नाही’ म्हणून पहिल्याकडे परत धाडला. मग तिसरं पत्र आलं: कंपनीकडे विचारा. अहो, कंपनीला किती मिळाले हे मी विचारलंच नव्हतं! माझ्या राज्याने किती दिले, ते विचारलं होतं. शेवटी रजा टाकून स्वतः गेलो. टेबलावर माझा अर्ज होता, कोपऱ्यात एकावर एक तीन आवक शिक्के, खालचा माझा मोबाइल नंबरही वाचता येईना.

“काका, आम्ही फक्त फाइलवरची टिपणी पुढे पाठवतो,” तिथले कारकून म्हणाले.

“मग ती टिपणीच दाखवा.”

“अर्जात तसं मागितलेलं नाही.”

खूप राग आला, पण ते बरोबर बोलत होते. माहिती अधिकारात असलेला कागद मिळतो, आपल्यासाठी बेरीज करून कोणी देत नाही. म्हणून ‘किती दिले’ असं विचारू नका. निधी वितरणाच्या शासन निर्णयांच्या आणि टिपण्यांच्या प्रती मागा.

हो, आणि अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर हवा. माझा पहिला खर्डा यातच बाद झाला होता. पोच मिळायला कटकट होत असेल तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. शासन निर्णय संकेतस्थळावरही असतात, आधी तिथे शोधा. मी ते नंतर केलं.

मग मी प्रथम अपील केलं, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागितली. त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. मुदत तीस दिवसांची, ती चुकवू नका. सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. साहेबांनी विचारलं, “नेमका कुठला कागद हवा?” या वेळी माझ्याकडे यादी तयार होती. त्यांनी तिथल्या तिथे प्रती द्यायला सांगितलं.

एकोणीस पानं, दोन रुपयांप्रमाणे अडतीस रुपये. परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा नव्हती. दाराशी उभं राहूनच पहिलं पान वाचायला घेतलं.