शनवार तेली आणि बाकूचं तेल

मी टूर मॅनेजर आहे, अझरबैजानला बरेच ग्रुप नेतो. त्यातला एक शनिवार आठवला की अजून हसू येतं.

प्रोग्रॅममध्ये क्रास्नाया स्लोबोदा शनिवारी पडलंय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, चूक माझीच. बाकूच्या उत्तरेला १७०-एक किमीवर कॉकेशसच्या पायथ्याशी कुबा शहर, आणि नदी ओलांडली की पलीकडे हे क्रास्नाया स्लोबोदा, अख्खी पहाडी ज्यूंची वस्ती, घरात जुहुरी बोलतात, फारसीच्या गोतावळ्यातली भाषा. शनिवारी शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मोठमोठ्या घरांपैकी कितीतरींना तसंही कुलूपच, मालक मॉस्कोत नाहीतर इस्रायलला, उन्हाळ्यात वाडवडिलांच्या कबरींवर यायचं तेवढं.

सहा घुमटांचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८८८ चं, सोव्हिएत काळात त्याचं गोदाम केलं होतं. आपल्या लोकांनी मी तोंड उघडायच्या आत पायऱ्यांशी चपला काढल्या, आणि तिथेही खरंच चपला काढूनच जातात, आत गालिचे. दारातले आजोबा खूश. तेवढ्यात एका काकांनी मोबाईल काढला आणि आजोबांचा चेहरा पडला. मग मी सगळ्यांना समजावलं, आज फोन नाही, फोटो नाही, हे लोक चूलसुद्धा पेटवत नाहीत.

ग्रुपमधल्या रेवदंड्याच्या काकू म्हणाल्या, "अरे मग हे आमच्या शनवार तेल्यांसारखेच की! सांग ना त्यांना!" कोकणातले बेने इस्रायली ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून ते नाव. आता माझं रशियन हॉटेलात रूम मागण्यापुरतं, म्हणून मी ड्रायव्हरला इंग्लिशमध्ये सांगितलं की आमच्याकडचे ज्यू, ऑईलचा धंदा, शनिवारी सुट्टी. त्याने अझेरीत सांगताना 'नेफ्त' म्हटलेलं मला ऐकू आलं. नेफ्त म्हणजे पेट्रोलियम! तेलविहिरींच्या बाकूतल्या माणसाला ऑईल म्हटल्यावर दुसरं काय सुचणार.

आजोबांचे डोळे मोठे. काहीतरी विचारलं. ड्रायव्हर मला म्हणतो, "जमिनीवर की समुद्रात?"

काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या थांब जरा, आणि पदर खोचून अंगणात गोल फिरायलाच लागल्या, एक हात बैलाच्या पाठीवर असल्यासारखा, तोंडाने हैक हैक, मग चिमटीतून तेलाची धार. आजोबा आधी बघतच राहिले, मग जोरात हसले, "याघ! याघ!" म्हणजे खायचं तेल.

मग त्यांनी विचारलं, शनिवारी बैलाचं काय?

"बैलालाही सुट्टीच की, घाणाच बंद," काकू म्हणाल्या.

हे मात्र आजोबांनी हसण्यावारी नाही नेलं. छातीवर हात ठेवून मान हलवली, तोरा या त्यांच्या धर्मग्रंथातही बैलाला त्या दिवशी विश्रांती सांगितलीय.

परत येताना ड्रायव्हर हळूच विचारतो, मग तुमच्या समुद्रात तेल नाहीच का? म्हटलं आहे ना बाबा, बॉम्बे हाय. पण ते शनिवारीही चालू असतं.