पेशीएवढ्या थेंबात मिश्रण फुटलं, पण खरंच कोंडल्यामुळे?

पीईजी ८००० (सुमारे ८००० रेणुभाराचं पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आणि सुमारे ५ लाख रेणुभाराचं डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळ्या) हे दोन पॉलिमर पाण्यात एकत्र केले, की ठरावीक प्रमाणापलीकडे मिश्रण फुटतं. ५ टक्के पीईजी, ६ टक्के डेक्स्ट्रान घ्या: आधी गढूळ होतं, मग वर पीईजीचा थर, खाली डेक्स्ट्रानचा. दोन्ही थरांत बहुतांश पाणीच. प्रमाण पुरेसं कमी केलं, की नळीतलं मिश्रण नितळ राहतं.

हेच नितळ मिश्रण लिपिडने (पेशीच्या आवरणात असतात तशा स्निग्ध रेणूंनी) वेढलेल्या, २० मायक्रोमीटरच्या आसपास त्रिज्येच्या थेंबात मात्र फुटू शकतं. तोक्यो विद्यापीठातल्या मिहो यानागिसावा यांच्या गटाने २०२२ मध्ये हे, म्हणजे लहान जागेत ‘कोंडल्याचा परिणाम’, दाखवलं. आखूड पीईजी लिपिडच्या थराला जास्त बिलगतं, हे त्यामागचं कारण. भिंतीलगत १०० नॅनोमीटरचा थर धरला, तर १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या थेंबाचं ३ टक्के आकारमान त्यातच जातं. १०० मायक्रोमीटरच्या थेंबात जेमतेम ०.३ टक्के. नळीत भिंतीला कोण विचारतो?

तेलात असे थेंब करून हे तपासायचं असं. डीओपीसी या लिपिडचं क्लोरोफॉर्ममधलं द्रावण काचेच्या कुपीत नायट्रोजनच्या झोताखाली सुकवा, निर्वातात ठेवा, मग १ मिलिमोलर होईल एवढं मिनरल ऑइल घालून ६० अंशांना तासभर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धरा. १०० मायक्रोलिटर तेलात २ मायक्रोलिटर मिश्रण सोडा आणि नळीचा तळ रॅकवर खरडून घ्या, म्हणजे हादऱ्याने थेंब तयार होतात. थेंब लहानमोठे होतात, ते बरंच: एकाच काचपट्टीवर सगळ्या आकारांची तुलना होते. भरताना मिश्रण एकजीव हवं, नाहीतर प्रत्येक थेंबाच्या वाट्याला वेगळं प्रमाण येतं. ही जोडी गार झाली की लवकर फुटते, त्यामुळे फ्रिजमधून काढलेलं द्रावण लगेच वापरू नका. डेक्स्ट्रानची पावडर ओलावा धरून ठेवते. वजनावर विसंबू नका, थोडं द्रावण सुकवून घन भाग मोजा.

सगळ्यात जास्त फसवणूक करतं ते पाणी. कोरडं तेल थेंबातलं पाणी ओढून घेतं, आणि लहान थेंब आधी सुकतात. त्रिज्या ५ टक्क्यांनी घटली तर आकारमान १४ टक्क्यांनी घटतं आणि पॉलिमरचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे ४ टक्क्यांचे जवळपास ४.७. फुटण्याच्या सीमेजवळच्या मिश्रणाला एवढा धक्का पुरतो, आणि दिसतं हुबेहूब ‘कोंडल्याचा परिणाम’! म्हणून तेल आधी पाण्याने संपृक्त करा, काचपट्टीच्या कडा बंद करा आणि तोच थेंब सुरुवातीला व अर्ध्या तासाने मोजा. त्रिज्या बदलली असेल तर तो थेंब मोजणीतून बाद.

डेक्स्ट्रान कुठे आहे ते दिसावं म्हणून घातलेलं, फ्लुओरेसिन (चमकणारा रंग) लावलेलं डेक्स्ट्रान एकूण डेक्स्ट्रानच्या शंभराव्या भागाहून कमी ठेवा आणि त्याचा रेणुभार मूळ डेक्स्ट्रानच्या जवळचा निवडा. आखूड साखळ्या दोन्ही भागांत जास्त सारख्या वाटल्या जातात; मग मिश्रण फुटलेलं असूनही चित्र फिकट, एकसारखं दिसतं. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने (तो एकाच पातळीतला प्रकाश टिपतो) थेंबाचा मध्यच्छेद घ्या. साध्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकात वरखालचा प्रकाश मिसळतो आणि भिंतीलगतचं पातळ पीईजीचं कडं त्यात हरवतं.